ज्वारीची डाळ का होत नाही, आणि टपोरं सोयाबीन का उगवलं नाही

प्रश्न थोडक्यात असा: "मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घरी सहा एकर शेती आहे. द्विफलन, भ्रूणपोष, बीजपत्र सगळं पाठ केलं, आकृत्या काढल्या. पण वडिलांनी विचारलं, हरभऱ्याची डाळ होते तर ज्वारीची का होत नाही, तेव्हा गप्प बसावं लागलं. यंदा घरचं सोयाबीन पेरलं. दाणा टपोरा, चकचकीत, तरी निम्मंसुद्धा वर आलं नाही. बी बनतं कसं आणि त्यातला जीव नेमका असतो कुठे? आणि आई विचारते, धणे रगडूनच का पेरायचे?"

माझी तीस वर्षं बियाण्यात गेली. आधी बीजोत्पादनाच्या प्लॉटवर, नंतर बीज परीक्षणाच्या टेबलावर. वडिलांचा प्रश्न तुमच्या परीक्षेतल्या प्रश्नांपेक्षा चांगला आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

रात्री मूठभर हरभरे भिजत घाला. सकाळी एकाची साल काढा आणि दोन्ही दळं (पुस्तकातली बीजपत्रं) हलकेच उघडा. दळं पूर्ण सुटी होत नाहीत, चोचीच्या बाजूला एका जागी जोडलेली राहतात. त्या सांध्यावर एक बारीकसा पांढरा कोंब दिसेल. त्याचं बाहेर डोकावणारं टोक म्हणजे आदिमूळ (हरभऱ्याची ती चोच म्हणजे सालीखालचं मूळच). दळांच्या बेचक्यात दडलेलं टोक म्हणजे आदिकोंब. दळं ही त्या रोपाची पहिली दोन पानं, खाऊन खाऊन इतकी फुगलेली की पान म्हणून ओळखू येत नाहीत. डाळ करताना साल निघते, सांधा तुटतो, कोंब चुरीत जातो आणि दोन पानं वेगळी होतात. डाळ पेरली तर उगवत नाही ती याचमुळे: शिदोरी आहे, पण जेवणारा नाही.

आता ज्वारीचा भिजलेला दाणा ब्लेडनं उभा कापा, बुडाच्या खोलगट भागातून पातं जाईल असा. एका कडेला लहानसा पिवळसर भाग दिसेल, तो गर्भ. बाकी सगळं पांढरं, पिठूळ, तो भ्रूणपोष, म्हणजे गर्भासाठीचं अन्न. ज्वारीलाही दळ आहे, पण एकच, आणि ते फुगलेलं नाही. ढालीसारखं चपटं होऊन ते गर्भ आणि पीठ यांच्या मध्ये बसलेलं असतं आणि पिठातलं अन्न शोषून गर्भाला देतं. हरभऱ्याचं अन्न पानांत भरलेलं, म्हणून त्याचे दोन सरळ भाग होतात. ज्वारीचं अन्न पानाबाहेर एका गोळ्यात, त्याला सांधाच नाही. फोडलीत तर कणी होईल, दळलीत तर पीठ. डाळ व्हायला दोन दळं लागतात आणि ती अन्नानं भरलेली लागतात. नुसतं द्विदल असून भागत नाही. एरंडही द्विदलच आहे. त्याचं बी सोलून मधोमध उघडा, आत कागदासारखी पातळ, शिरा उमटलेली दोन पानं सापडतील आणि तेल सगळं पानांबाहेरच्या पांढऱ्या गरात असेल. एकदल-द्विदल आणि भ्रूणपोषयुक्त-भ्रूणपोषरहित या दोन वेगळ्या वाटण्या आहेत. पुस्तकात त्या लागोपाठच्या पानांवर येतात, म्हणून मुलं दोन्ही एकच समजतात.

जीव कुठे, हे डोळ्यांनी दाखवणारी एक चाचणी आहे. टेट्राझोलियम नावाचा एक रंगहीन क्षार पाण्यात विरघळवतात आणि भिजवून कापलेलं बी त्यात ठेवतात. जिवंत पेशी श्वास घेत असतात. त्यांच्या त्या कामातून क्षाराचं रूपांतर लाल रंगात होतं. मेलेल्या पेशी पांढऱ्याच राहतात. १९४० च्या दशकात जर्मनीत गेओर्ग लाकोन यांनी ही पद्धत बसवली. ज्वारीचा दाणा पहिल्यांदा असा पाहिला तेव्हा मी चकित झालो होतो. गर्भ कुंकवासारखा लाल, आणि ज्याला आपण दाणा म्हणतो तो सगळा पांढराफटक. ज्वारी, गहू, मका, भात यांच्या पिठाच्या पेशी दाणा पिकता पिकता मरूनच जातात. कडेला एक पातळ थर तेवढा जिवंत राहतो. गहू-भातात पेरल्यावर पाणी शिरलं की गर्भाकडून जिबरेलिन हे संप्रेरक त्या थरापर्यंत पोहोचतं, थर विकरं (एन्झाइम) सोडतो आणि मेलेल्या कोठारातल्या पिठाची साखर होऊ लागते. नाचणीला मोड आणून सत्त्व करतात, तेव्हा आपण हीच क्रिया अर्ध्यावर थांबवतो. हरभऱ्याचं आणि सोयाबीनचं मात्र पूर्ण दळ लाल होतं. तिथे कोठारच जिवंत आहे. हा फरक लक्षात ठेवा, सोयाबीनच्या दुखण्याकडे येताना तो लागेल.

आता बी बनतं कसं.

फुलाच्या अंडाशयात बीजांडं असतात. बीजांडाभोवती आईच्या ऊतींची एक किंवा दोन आवरणं असतात आणि टोकाला ती एक बारीक छिद्र सोडतात, ते बीजांडद्वार. आत भ्रूणकोष. बहुतेक सपुष्प वनस्पतींत त्यात सात पेशी आणि आठ केंद्रकं असतात: दाराशी अंडपेशी आणि तिच्या दोन सहाय्यक पेशी, पलीकडच्या टोकाला तीन, आणि मध्ये एक मोठी पेशी जिच्यात दोन केंद्रकं. परागकण कुक्षीवर पडला की त्याला नळी फुटते. मक्यात ही नळी कणसाच्या केसातून खाली उतरते. वीतभर लांबीचा तो प्रवास साधारण एका दिवसात होतो. कणसाचा एक केस म्हणजे एक दाणा. केस वाळला, अळीनं कुरतडला किंवा परागावाचून राहिला की कणसात तिथे खाच दिसते.

नळीतून दोन पुंपेशी येतात. एक अंडपेशीशी मिळते, त्यातून गर्भ. दुसरी मधल्या पेशीतल्या दोन केंद्रकांशी मिळते, त्यातून भ्रूणपोष. हे दुहेरी लग्न, म्हणजे तुमचं द्विफलन, १८९८ साली सर्गेई नवाशिन यांनी कीव्हमध्ये लिलीच्या कुळातल्या वनस्पतींत पाहिलं. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये ग्विन्यार यांनीही ते स्वतंत्रपणे दाखवलं. इतका खटाटोप कशासाठी? पाइन, सायकस यांच्याकडे बघा. ती झाडं फलन व्हायच्या आधीच अन्नाचा साठा उभा करू लागतात. बाजारात तुरी, तसला प्रकार. सपुष्प वनस्पती फलन झाल्याची खात्री पटेपर्यंत हात आखडता ठेवतात. दुसऱ्या पुंपेशीची गाठ पडली की मगच कोठाराचं काम सुरू होतं. आणि मग ते गर्भाच्याही आधी सुरू होतं: युग्मनज (फलन झालेली अंडपेशी) अजून एकटा बसलेला असतो, तेव्हा भ्रूणपोषाची केंद्रकं भराभर दुप्पट होत असतात.

इथे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण बियाण्याच्या निम्म्या भांडणांचं मूळ इथे आहे. एका बीमध्ये तीन वेगळ्या वारशांची माणसं एकत्र राहतात. साल पूर्ण आईची, बापाचा त्यात अंशही नाही. गर्भ निम्मा आईचा, निम्मा बापाचा. आणि भ्रूणपोषात आईचे दोन वाटे, बापाचा एक. भ्रूणपोष गर्भाचं जुळं भावंड म्हणायला हरकत नाही, फक्त आईकडून त्याला दुप्पट मिळालेलं, आणि जन्मही दुसऱ्याला पोसण्यापुरता.

याचा व्यवहारात अर्थ काय ते सांगतो. पांढऱ्या मक्याचा प्लॉट घेतलेला एक शेतकरी माझ्याकडे कणीस घेऊन आला. पांढऱ्या दाण्यांत मधूनच फिकट पिवळे. बियाणं भेसळीचं दिलं म्हणून तो चिडलेला. भेसळीचं बियाणं असतं तर त्या झाडाचा मामला सगळ्या कणसात दिसला असता. इथे विखुरलेले दाणे तेवढे पिवळे होते. शेजारच्या पिवळ्या मक्याचा पराग वाऱ्यानं आला, काही केसांवर पडला आणि त्याच हंगामात, त्याच कणसात रंग दिसला. मक्याचा पिवळा रंग भ्रूणपोषात असतो आणि भ्रूणपोषात बापाचा वाटा असतो, म्हणून. फिकट का? कारण तीन वाट्यांतला पिवळ्याचा एकच. म्हणून तर प्रमाणित संकरित मक्याला दुसऱ्या मक्यापासून निदान २०० मीटर विलगीकरण अंतर ठेवायला सांगतात.

आता कापूस घ्या. सरकीवरचा प्रत्येक तंतू म्हणजे बीजांडाच्या बाहेरच्या सालीची एकच पेशी, अडीच-तीन सेंटीमीटर लांब झालेली. ती वाढायला लागते फूल उमलतं त्या दिवशी. संकराच्या प्लॉटवर बायका सकाळी नराचा पराग लावतात. त्या बोंडातून निघणारा कापूस मात्र मादी वाणाचाच असतो, कारण तंतू ही साल आहे, आणि साल आईची. संकराचा गुण सरकीच्या आतल्या गर्भात असतो आणि तो दिसतो पुढच्या वर्षीच्या झाडावर. डाळिंबाचा लाल रसाळ दाणाही असाच: रस भरलेला तो थर बीच्या सालीचाच.

आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेल यांच्या वाटाण्याचं कोडंही यातच सुटतं. पिवळा-हिरवा रंग आणि गुळगुळीत-सुरकुतलेला आकार हे गुण सालीखालच्या दळांचे, म्हणजे गर्भाचे. म्हणून संकराचा परिणाम त्याच शेंगेत मोजता आला. सालीचा राखाडी-पांढरा रंग मात्र आईचा, तो एक पिढी उशिरा कळतो. वर्गात मेंडेल यांनी तपासलेले सातही गुण एका रांगेत लिहून देतात आणि कुठला गुण बीच्या कुठल्या भागात राहतो हे सांगायचं राहून जातं.

भ्रूणपोषाचं पुढे काय होतं, यातही गंमत आहे. सुरुवातीला बहुतेक पिकांत केंद्रकं वाढत जातात, पण मध्ये भिंती पडत नाहीत. एका पिशवीत हजारो केंद्रकं तरंगत असतात. शहाळ्याचं पाणी म्हणजे अगदी हेच. नंतर कडेकडेनं पेशी बनू लागतात, ती मलई, मग खोबरं. त्या पाण्यात वाढीची द्रव्यं इतकी असतात की १९४१ साली अमेरिकेत व्हान ओव्हरबीक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धोत्र्याचे इवलेसे गर्भ नारळाचं पाणी घालून काचेत वाढवले. नारळाचा गर्भ तीनपैकी एका मऊ डोळ्याखाली असतो. मोड आलेला नारळ फोडला की आत जो स्पंजासारखा गोड गोळा सापडतो तो त्याच्या एकुलत्या दळाचा भाग, खोबरं शोषण्यासाठी फुगलेला. ज्वारीतल्या त्या चपट्या ढालीचंच काम तो इथे करतो.

ज्वारीत चीक भरतो तेव्हा पेशी तयार झालेल्या असतात, पण त्या कोवळ्या असतात. दाबलं की फुटतात आणि पिठाचे कण तरंगणारं दूध बाहेर येतं. पुढे हुरडा: साखर अजून शिल्लक आहे, पीठ जमतंय, पाणी अजून गेलेलं नाही. आठवडाभरात हीच ज्वारी दाताखाली पिठूळ लागू लागते.

वाटाण्या-हरभऱ्यात वेगळं घडतं. मटार सोलताना टोकाचे अगदी बारीक दाणे बोटात फुटतात आणि पाण्याचा थेंब निघतो, ते आठवा. तो थेंब म्हणजे भ्रूणपोष, आणि त्यात गर्भ टाचणीच्या टोकाएवढा. नंतर गर्भ तो सगळा पिऊन टाकतो आणि स्वतःची दळं भरतो. म्हणजे हरभऱ्याला भ्रूणपोष नसतो असं नाही, असतो आणि संपतो. ऑर्किडमध्ये मात्र तो जवळपास बनतच नाही. बी धुळीसारखं, गर्भ म्हणजे पेशींचा नुसता पुंजका, आणि उगवायला बुरशीची मदत लागते.

सुपारी कातरताना पांढऱ्या गरात तपकिरी रेघा दिसतात ना? तो गर भ्रूणपोष, आणि रेघा म्हणजे त्यात घुसलेल्या सालीच्या घड्या. जायफळ किसतानाही तेच दिसतं.

गर्भाचा स्वतःचा प्रवास त्यामानानं शांत. युग्मनज पहिल्यांदा दुभंगतो तेव्हाच वरचं-खालचं ठरतं: बीजांडद्वाराकडच्या पेशीतून एक दोरा होतो, जो गर्भाला आत ढकलतो आणि अन्न पोचवतो, आणि दुसरीतून बाकीचा गर्भ. आधी गोळा, मग द्विदल असेल तर बदामासारखा आकार, दोन फुगवटे म्हणजे दोन दळं. पेशींची संख्या याच काळात ठरून जाते. पुढे त्या फक्त भरतात. दाणा भरताना पाण्याचा ताण पडला तर दाणा बारीक राहतो, पण गर्भ बहुधा शाबूत असतो. म्हणूनच टपोरा म्हणजे चांगला, हा समज मला कधी पटला नाही. टपोरेपणा कोठाराचा असतो.

शेवटची पायरी म्हणजे वाळणं, आणि तुमच्या सोयाबीनची गोष्ट इथे अडकली आहे. दाण्याचं वजन वाढायचं थांबलं की झाडाशी त्याचा धागा तुटतो. ज्वारीत बुडाशी काळा ठिपका येतो तो याचाच, म्हणून ठिपका पाहून काढणी करायला सांगतात. मक्यातही तसाच काळा थर असतो. सोयाबीनमध्ये शेंग हिरवेपणा सोडून पिवळी पडते. त्या क्षणी बी आपल्या आयुष्यातलं सगळ्यात सशक्त असतं, पण त्यात पाणी असतं निम्म्याच्या आसपास. पुढचे काही दिवस ते फक्त वाळतं. वाळताना पेशींत खास प्रथिनं आणि शर्करा जमतात, पाणी गेलं तरी पेशीचा साचा कोसळू नये म्हणून. इथून पुढे बी सुधारत नाही, फक्त कमीजास्त वेगानं घसरतं. चाळणी, ग्रेडर, औषध, पॅकिंग यांनी घसरण झाकता येते किंवा थोडी लांबवता येते, उलटी फिरवता येत नाही.

सोयाबीनमध्ये ही घसरण वेगानं होते, आणि कारण त्याच्या रचनेतच आहे. दाण्याच्या वजनात दळं सुमारे ९० टक्के, साल ८ टक्के आणि मूळ-कोंब मिळून जेमतेम २ टक्के. ते २ टक्के बसलेत नाभीशेजारी (दाणा शेंगेला जोडलेला असतो ती जागा), पातळ सालीच्या अगदी खाली, बाहेरून उंचवटा दिसेल इतके वर. हरभऱ्याची साल जाड आहे. मटकी-कुळथाची तर इतकी घट्ट की काही दाणे रात्रभर भिजूनही टणक राहतात, घरात आपण त्यांना गणंग म्हणतो. सोयाबीनला असं चिलखत नाही. वरून दळं जिवंत आणि तेलानं भरलेली, म्हणजे उबदार दमट हवेत खराब व्हायला पूर्ण दाणा मोकळा.

आता क्रम लावा. शेंगा पिकल्या आणि पाऊस आला. दाणा फुगला, ऊन पडलं, दाणा आकसला, पुन्हा पाऊस. साल आणि दळ एका वेगानं फुगत-आकसत नाहीत, म्हणून सालीला सूक्ष्म चिरा पडतात. २०१९ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रात हेच झालं आणि २०२० च्या खरिपात उगवण न झाल्याच्या तक्रारींचा ढीग लागला. पाऊस नसला तरी मळणी आहेच. फार वाळलेला दाणा वेगात फिरणाऱ्या ड्रममध्ये आपटतो तेव्हा मूळ सालीच्या आत मोडतं. साल वरून अखंड, चकचकीत, आणि आत मोडलेलं मूळ. तुमच्या टपोऱ्या दाण्यांचं काय झालं हे न पाहता सांगता येणार नाही, पण माझा पहिला संशय मळणीयंत्रावर आहे. माल विकायचा असेल तेव्हा मशीनवाला वेग वाढवतो, आणि बियाणं त्याच ढिगातून राखलं जातं.

आमच्या टेबलावर असे नमुने येत. टेट्राझोलियममध्ये दळं लालबुंद आणि मुळाच्या टोकावर पांढरा डाग. ९८ टक्के जिवंत असलेलं बी, आणि प्रयोगशाळेच्या भाषेत अनुगवणक्षम, म्हणजे न उगवणारं. शेतकऱ्याला हे समजावणं फार जड जायचं. एकदा एका बाबांनी विचारलं होतं, "सगळं अंग जित्तं आहे म्हणता, मग मेलं काय?" त्यांना भिंगाखाली तो डाग दाखवला तेव्हा ते गप्प झाले.

पुढच्या वर्षासाठी करायचं ते असं. बियाण्यासाठीचा पट्टा वेगळा ठेवा आणि त्याची मळणी आधी करा, ड्रमचा वेग मिनिटाला ३५० ते ४०० फेऱ्यांवर ठेवून, दाण्यात १४ टक्क्यांच्या आसपास ओलावा असताना. मग सावलीत पातळ पसरून १२ टक्क्यांखाली आणा. पोती आपटू नका, चार-पाचांपेक्षा उंच थप्पी नको, खाली लाकडी फळ्या घाला. बियाण्याच्या आयुष्याचा एक जुना ठोकताळा आहे: ओलावा १ टक्का कमी झाला की आयुष्य दुप्पट, आणि तापमान ५ अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेल्या पोत्याचं काय होत असेल, याचा हिशेब तुम्हीच करा.

एप्रिल-मेमध्ये उगवण तपासा, आणि दाणे निवडून घेऊ नका, जसे हाताला येतील तसे शंभर घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या रांगा, वर दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत. सहा-सात दिवसांनी मोजा, आणि मूळ-कोंब दोन्ही धड असलेलेच मोजा. नुसतं फुगलेलं, वाकडं, मूळ खुंटलेलं मोजणीत धरू नका, मोह होतो. सोयाबीनच्या किमान उगवणीचं प्रमाण ७० टक्के आहे (गव्हा-हरभऱ्याला ८५ असतं, यावरूनच सोयाबीनची नाजुकी कळावी). ७० आलं तर हेक्टरी ७५ किलो बियाणं. थोडं कमी आलं तर त्या प्रमाणात वाढवा, ६० च्या खाली गेलं तर ते तेलाला द्या. आणि बी पाण्यात भिजवून पेरू नका. कोरडं सोयाबीन पाण्यात टाकलं की पाणी इतक्या झपाट्यानं घुसतं की दळाच्या पेशींची आवरणं फाटतात. चिरलेल्या सालीत तर जास्तच.

पेरताना ३-४ सेंटीमीटरपेक्षा खोल नको, यामागेही रचनाच आहे. हरभरा आणि तूर दळं जमिनीत ठेवून फक्त कोंब वर पाठवतात, म्हणून हरभरा थोडा खोल गेला तरी चालतो. सोयाबीन दळांसकट वर येतं. मुळाच्या वरचा दांडा वाकतो, कमान करतो आणि दोन जड दळं मातीतून ओढत वर काढतो. पेरणीनंतर जोराची सर येऊन जमिनीवर पापडी धरली तर ती कमान पापडीखालीच मोडते. तेव्हा दोष बियाण्याला देण्याआधी चार ठिकाणी उकरून पाहा. वाकलेला पांढरा दांडा सापडला तर बी उगवलं होतं, वर येऊ शकलं नाही.

हे सगळं वाळून टिकणाऱ्या बियांचं झालं. आंबा आणि फणस या दुसऱ्याच जातीच्या बिया. त्यांच्या विकासात वाळण्याची पायरीच नाही. कोय किंवा आठळी वाळली की मेली, म्हणून कोकणातले रोपवाटिकावाले जूनमध्ये ताज्या कोयी लगेच लावून टाकतात. हापूसच्या कोयीत गर्भ एकच आणि तो संकराचा, त्यामुळे रोप आईसारखं निघेल याची खात्री नाही आणि कलमाशिवाय गत्यंतर नाही. संत्र्याच्या जातीत उलट. जंबेरीची एक बी पेरली तर बहुधा दोन-तीन रोपं येतात, त्यातली बरीचशी फलनाशिवाय, आईच्याच ऊतींतून झालेली, आईची हुबेहूब नक्कल. नागपुरी संत्र्याचं कलम ज्यावर बांधतात तो खुंट म्हणून जंबेरी इतकी एकसारखी मिळते ती त्यामुळे. थॉम्पसन द्राक्षात फलन होतं, पण बी लहानपणीच खुरटतं. फळ फुगवण्याचा निरोप एरवी बीकडून येतो, म्हणून तिथे बागायतदाराला जिबरेलिन फवारावं लागतं. नाशिककडे ज्याला नुसतं जीए म्हणतात ते हेच, गव्हाचा गर्भ आपल्या कोठाराला धाडतो तेच.

आता आईंचे धणे. आपण धण्याला बी म्हणतो, पण ते फळ आहे, ज्वारीचा दाणा आणि करडई-सूर्यफूल हीसुद्धा फळंच. फरक एवढा, की ज्वारीच्या फळात एक बी असतं आणि त्याची साल फळाच्या सालीला चिकटून एक झालेली असते, तर धण्याच्या गोल फळात दोन अर्धी एकमेकांना चिकटलेली असतात आणि प्रत्येकात एक बी. अख्खा धणा पेरला तर जाड टरफलातून पाणी सावकाश शिरतं, उगवण रेंगाळते आणि दोन रोपं एकाच जागी गर्दी करतात. रगडला की दोन अर्धी सुटी होतात आणि पाणी लवकर पोचतं. फक्त गर्भ अगदी इवलासा, टोकाशी बसलेला असतो. तेव्हा गोणपाटावर पसरून चपलेनं हलकेच घासायचे आणि दोन फाकी झाल्या की थांबायचं. भुगा झालाच तर तो मसाल्याच्या डब्यात.